मागे खांब हवेत

नवऱ्याशेजारची माझी जागा नणंदेला दिली, हे मला संगमरवरावरून कळलं. तोंडाने सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती.

गास्पारेला जाऊन त्या जुलैत तीन वर्षं झाली, म्हणून मी फुलं घेऊन दफनभूमीत गेले होते. आमच्या गावात बऱ्या घराण्यांची तिथे स्वतःची दगडी खोली असते. आमची छोटीच आहे. डाव्या भिंतीत दोन ओळींत चार कोनाडे, उजव्या भिंतीत तसेच चार, मधे क्रूस. शवपेटी कोनाड्यात सरकवायची, तोंडाशी संगमरवरी फरशी बसवायची, फरशीवर नाव, साल आणि चिनी मातीच्या लांबट चकतीवर भाजून उमटवलेला फोटो. जिवंत माणसांचीही नावं आधीच कोरून घेतात, जन्माचं साल घालतात आणि पुढे मोकळी जागा सोडतात. गाडीत रुमाल टाकून जागा धरावी, तसं. सासूबाईंचं नाव उजव्या भिंतीत सासऱ्यांशेजारी कधीचंच आहे.

गास्पारे डावीकडे, वरच्या ओळीत. त्याच्या शेजारची फरशी कोरी होती आणि मी ती दर रविवारी पुसत असे, आपलीच म्हणून. त्या दिवशी तिच्यावर ताजी सोनेरी अक्षरं होती. प्रोव्विदेन्सा, १९६१. म्हणजे माझी नणंद, घरातली एन्झा. बिनलग्नाची, आईजवळ राहणारी, आणि तोवर माझी कधीच काही वैरीण नसलेली.

मी फुलं तिथेच टाकली आणि तडक सासूबाईंच्या घरी गेले. त्या गच्चीत बसून शेंगा सोलत होत्या.

"मम्मा, फरशीवर एन्झाचं नाव कसं?"

"कोरून घेतलं म्हणून." मान वर नाही, हात थांबले नाहीत. "तू अठ्ठेचाळीसची आहेस, एर्सिलिया. रूप अजून शिल्लक आहे. उद्या कुणाचा तरी हात धरशील. मग माझ्या मुलाशेजारी कोण झोपणार? परक्याची बायको?"

"मी कुणाचा हात धरणार नाहीये."

"आज नाही म्हणतेस. पोट आज भरलेलं असतं, उद्याचं कोण सांगणार?" मग शेंगेतला किडका दाणा अंगठ्याने उडवत त्या म्हणाल्या, "मूल असतं तर गोष्ट वेगळी होती. नातवाची आई म्हणून दिली असती जागा."

आतली खोली एन्झाची. तिने दार हळूच लावून घेतल्याचा आवाज मला आला.

आम्हाला मूल का झालं नाही, ते गास्पारेला आणि मला माहीत होतं. त्याचं झाकावं म्हणून मी गावभर स्वतःला वांझ म्हणवून घेतलं. त्याच्या आईच्या तोंडून तर बावीस वर्षं ऐकलं. ते बोलून टाकलं असतं तर त्या क्षणी त्यांचं तोंड बंद झालं असतं. पण मेलेल्या माणसाची अब्रू मी शेंगांच्या सालांत टाकणार नव्हते. मी गिळलं. गिळलेलं पचतंच असं नाही.

माझा बाप गावचा फोटोवाला होता. लग्नं, बारशी, आणि मुख्यतः थडग्यांवरच्या चकत्या. शेतमजुरांचे बरे फोटो नसायचे, मग बापाने एक काळा कोट आणि टाय रंगवून ठेवला होता, तोच तो सगळ्यांना चढवायचा. अर्धी दफनभूमी एकाच कोटात झोपली आहे. आता ते दुकान मी चालवते. सासूबाई मला लग्नाच्या दिवसापासून म्हणत आल्या, "मढ्यांना कोट घालणाऱ्याची पोरगी." घरात काही समारंभ असला की सगळे रांगेत उभे राहायचे, मीही कडेला जाऊन उभी राहायची, आणि त्या म्हणायच्या, "तू ये बाहेर. तू काढ. तुझा धंदाच आहे." बावीस वर्षांच्या अल्बमांत मी कुठेही नाही. मी मेले असते तर माझ्या चकतीसाठी सरकारी ओळखपत्रावरचा फोटो लावायची वेळ आली असती.

आणि त्याच आठवड्यात, म्हणजे कोनाडा काढून घेतल्यावर चार दिवसांनी, त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ऑगस्टमधल्या फेरागोस्तोच्या सुट्टीत आपण देवळं बघायला जाऊ. चार दिवस. गाडी तू चालव," त्या म्हणाल्या. "जगभरचे गोरे लोक उन्हात तडफडत आपल्या बेटावरची ग्रीकांची देवळं बघायला येतात, आणि मी ऐंशीला टेकले तरी एकदाच काय ते बघितलं. गास्पारे दरवर्षी नेतो म्हणायचा."

"बरं," मी म्हणाले.

"आणि कॅमेरा घे. मला माझ्या चकतीचा फोटो काढून घ्यायचाय. मागे खांब हवेत. दफनभूमीतल्या पलीकडच्या खोलीत माल्टा घराण्यातल्या म्हातारीच्या चकतीवर मागे कारंजं आहे. कारंजं! बाई जन्मभर विहिरीवरून पाणी आणत होती."

माझा कोनाडा हिसकावून घेतला आणि स्वतःच्या कोनाड्याची सजावट माझ्याकडून करून घ्यायची. चोर तो चोर वर शिरजोर. मी इतक्या पटकन "काढते की" म्हणाले, की एन्झाने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीच मी मनाशी ठरवलं: हिचा एकही फोटो धड येऊ द्यायचा नाही. ही बाई जगाच्या अंतापर्यंत भेसूर दिसली पाहिजे.

अकरा ऑगस्टला निघालो. मागच्या डिकीत कलिंगडं आणि घडीची खुर्ची. सासूबाई पुढे, माझ्या शेजारी, मोत्याच्या माळेसकट. एन्झा मागे, मांडीवर भाजलेल्या पास्त्याची परात सांभाळत.

माणसाला कुरूप करणं अवघड नसतं. आमच्याकडचं ऑगस्टचं दुपारी बाराचं ऊन डोक्यावर आलं, की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात आणि नाकाची सावली मिशीसारखी ओठावर येते. त्यात रुंद भिंग लावून अगदी जवळ जायचं, म्हणजे नाक पुढे आणि कान मागे पळतात. खालून काढला की हनुवट्या तीन होतात. गिऱ्हाइकाला हे सगळं टाळून द्यायचं, हेच माझ्या बापाने मला शिकवलं. मी फक्त उलटं करत होते.

पियाझा आर्मेरिनाला जमिनीवरची रोमन चित्रं बघताना सासूबाई तोकड्या कपड्यांत चेंडू खेळणाऱ्या मुलींपाशी थांबल्या. "बघा. तेव्हाही होत्याच या." तिथे मी त्यांना खालून काढलं. सिराकूझाला, जिथे देवळाचेच खांब भिंतीत घेऊन चर्च उभं केलंय, तिथे खांब दिसल्यावर त्या हरखल्या आणि दोन्ही हात पोटावर घेऊन उभ्या राहिल्या. मी शिंक यायची वाट बघितली. सासूबाईंना चर्चमधल्या धुपाने हमखास शिंक येते. आली. मी टिपली.

"चांगला आला का?"

"सुंदर, मम्मा."

"दाखव."

मी कॅमेरा पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि चष्मा लावला की म्हातारं दिसतं म्हणून तो पर्समध्ये. त्यांनी इवल्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "हं. खांब आलेत," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी अग्रिजेंतो. मुद्दाम मी सकाळी बर्फाची ग्रानिता आणि ब्रेड खाण्यात वेळ काढला, गाडीत पेट्रोल भरायला उलट्या दिशेला गेले, आणि बरोबर बाराला त्यांना त्या मोठ्या देवळापुढे उभं केलं. सावली कुठेच नव्हती. मी भिंग बदललं, पुसलं, पुन्हा बदललं.

"अगं काढतेस का माझं इथेच दफन करतेस?" त्या कडाडल्या. "गास्पारेने एव्हाना दहा काढले असते! फोटोवाल्याची पोरगी म्हणे! कढई धरावी तसा कॅमेरा धरलाय! तुला या घरात आणली तेव्हाच मी म्हणाले होते..."

काय म्हणाल्या होत्या ते मला पाठ होतं. मी दोन पावलं पुढे गेले आणि बटण दाबलं. तोंड उघडं, सोन्याचा दात, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि त्या भोकांतून थेट भिंगात, म्हणजे माझ्यावर, रोखलेली नजर. मागे खांब. इतकं समाधान मला कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी शाक्काच्या खाणावळीत सासूबाई पाय धुवायला गेल्या तेव्हा एन्झाने कॅमेरा उचलला. मी थांबवेपर्यंत ती अग्रिजेंतोच्या फोटोपर्यंत पोचली होती. मला वाटलं, आता रडेल, आईला सांगेल. ती हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अजून काढ," ती म्हणाली. "दहा काढ."

"एन्झा, माझी जागा तुला दिलीये."

"मला विचारून दिली का?" तिने डोळे पुसले. "चोपन्न वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत झोपले, वहिनी. मेल्यावर तरी मला समुद्रात टाका म्हणाले होते. तर म्हणते, समुद्रात मासे खातील, गप्प बस. दुसऱ्या दिवशी फरशीवर नाव."

हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

चौथ्या दिवशी सेलिनूंते. तिथे एक देऊळ उभं आहे, बाकीची भूकंपात पडली ती पडलीच. खांबांचे गोल तुकडे गवतात अस्ताव्यस्त, आणि खाली समुद्र. पोचायला आम्हाला सहा वाजले, कारण वाटेत सासूबाईंना कलिंगड खायचं होतं. ऊन उतरलं होतं. मी रुंद भिंग लावलं नव्हतं, काही ठरवलंही नव्हतं. थकले होते. सासूबाईही थकल्या होत्या. त्या एका पडलेल्या खांबाच्या तुकड्यावर बसल्या, बूट काढले, सुजलेले घोटे चोळू लागल्या.

"इथेच," त्या अचानक म्हणाल्या. "चर्चची सहल आली होती. गास्पारे सहा वर्षांचा. हरवला. मी वेड्यासारखी हाका मारतेय, पाद्री हाका मारतोय, आणि हा त्या दोन दगडांच्या फटीत बसून बिस्किट खातोय. शेवटी सापडला तेव्हा सगळ्यांदेखत मी एक ठेवून दिली. तर मला काय म्हणाला माहितेय? म्हणाला, मी लपलो नव्हतो, मी इथे राहायला आलोय."

आणि त्या हसल्या. मी बावीस वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मान थोडी मागे, डोळे अर्धे मिटलेले, हात तसाच पायावर. तिरपं पिवळं ऊन एका गालावर, मागे पडके खांब आणि समुद्राची पट्टी. माझं बोट माझं न ऐकता दाबलं गेलं. बापाचं रक्त, दुसरं काय.

मी पडद्यावर पाहिलं. आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. तो गास्पारेच हसत होता. तसंच तोंड, तसेच डोळे.

एन्झा माझ्या खांद्यावरून बघत होती. "मम्मा!" ती ओरडली. मी हात ओढून घ्यायच्या आत तिने कॅमेरा घेतला, आईची पर्स उघडली आणि चष्मा काढून तिच्या नाकावर चढवला.

सासूबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला.

"ही मी आहे?"

"तूच."

"हाच लावायचा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "एर्सिलिया, हाच."

मी कॅमेरा परत घेतला. "लावते. लिबोरियोला फोन करा. एन्झाचं नाव घासून माझं घालायला सांगा."

"म्हातारीच्या मरणाचा सौदा करतेस?"

"तुम्ही माझ्या मरणाचा केलात, तोही न विचारता."

"आणि नाही केला फोन तर?"

"तर मी हा पुसून टाकते. माल्टाच्या म्हातारीला कारंजं आहे. तुम्हाला कोरी चकती."

एन्झा म्हणाली, "मम्मा, मला ती जागा नकोय. मी तुला सांगितलं होतं."

सासूबाईंनी समुद्राकडे पाहिलं. मग एन्झापुढे हात केला, फोन मागितला. लिबोरियो आमच्या गावचा संगमरवरवाला. सुट्टीचा जेवत असणार, पण दोन्ना क्रोचिफिस्साचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन न घेण्याची छाती गावात कुणाची नव्हती.

"लिबोरियो? ती डावीकडची फरशी. नाव घास. मला माहितेय सोनं लावलंय, घास. नवं घाल. एर्सिलिया. हो, तीच. साल..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सदुसष्ट."

"एकोणीसशे सदुसष्ट. आणि खाली लिही, गास्पारेची पत्नी." लिबोरियो पलीकडून काहीतरी बोलला. "नसेल तशी पद्धत. माझ्या खोलीत आहे. लिही."

हे मी मागितलं नव्हतं. "गास्पारेची पत्नी" एवढं त्यांनी स्वतःहून दिलं. तिथे मी थांबायला हवं होतं. मिळवायचं ते मिळालं होतं, वर पदरचंही घातलं होतं. कुणीही शहाणी बाई तिथे कॅमेरा पिशवीत घालून गाडीकडे गेली असती.

पण माझ्या कानात शेंगा सोलल्या जात होत्या. तू ये बाहेर, तू काढ. नातवाची आई असतीस तर. बावीस वर्षं मी प्रत्येक वेळी थांबले होते, आणि थांबून मला काय मिळालं? मी पडदा त्यांच्यापुढे धरला, त्यांना नीट दिसेल असा, चष्मा नाकावर होताच. आणि पुसायचं बटण दाबलं. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. होती.

फोटो गेला. त्याच्या जागी आधीचा आला, कलिंगडाच्या फोडीचा.

"एर्सिलिया!" एन्झा किंचाळली. "अगं तिने फोन केला होता ना!"

मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील, तळतळाट करतील, पाद्रीला सांगतील. आणि मी ते सगळं ऐकून घ्यायला तयार होते, अगदी भुकेल्यासारखी. सासूबाईंनी नुसता हात पुढे केला.

"बाकीचे दाखव."

"बाकीचे चांगले नाहीत, मम्मा."

"ते मी ठरवीन. आण इकडे."

त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला. कुठलं बटण दाबायचं ते एन्झाने दाखवलं. त्या एकेक बघत गेल्या. खालून काढलेला. शिंकेचा. तीन हनुवट्यांचा. घास तोंडात असलेला. चार दिवसांचे सगळे. त्यांना काय कळत होतं ते मला दिसत होतं. प्रत्येक फोटोला त्या थोडा वेळ देत होत्या, हिशेबाने. दुकानात मी पंचवीस वर्षं बसते आहे, पण इतकी लाज मला माझ्या कामाची कधी वाटली नव्हती.

अग्रिजेंतोच्या फोटोवर त्या थांबल्या. उघडं तोंड, सोन्याचा दात, दोन काळे खड्डे. त्यांनी कॅमेरा थोडा लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा लाव. खांब आहेत. मीच आहे. आणि बघतेय कुणाकडे, तेही कळतंय." त्यांनी बूट पायात सरकवले. "मोठी चकती कर. लिबोरियोला सांग, त्या मापाची जागा सोड. आणि ब्रश लावायचा नाही हं. कोट नाही, गालावर लाली नाही, काही नाही. एन्झा, तू साक्षीदार. तिने एक डाग जरी झाकला तर चकती फोडून टाकायची."

"मम्मा, तुम्ही गावात... लोक काय म्हणतील?"

"लोक रविवारी दहा मिनिटं येतात." त्या उठल्या आणि आधारासाठी माझाच दंड धरला, घट्ट. "तुझी फरशी डाव्या भिंतीत. माझी उजव्या. बरोबर समोरासमोर. तुला तिथेच यायचं होतं ना? ये की."

परतीच्या वाटेवर त्यांनी खिडकी उघडायला सांगितली आणि उरलेलं कलिंगड खाल्लं. चवीने खाल्लं. मला एक घास गेला नाही.

त्या फेब्रुवारीत गेल्या, झोपेत. मधल्या महिन्यांत मी कॅमेऱ्यातल्या त्याच कार्डावर तीन लग्नं आणि एक बारसं काढलं होतं, त्यामुळे सेलिनूंतेचा फोटो आता शहरातल्या कुठल्याही दुकानातून परत निघणार नव्हता. मी विचारून आले. दोन ठिकाणी विचारलं, आणि दुसऱ्या ठिकाणी मला रडू आलं.

चकती मीच केली. एन्झा दुकानात माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसली होती, हाताची घडी घालून. डोळ्यांच्या खड्ड्यांत नुसता थोडा उजेड भरला असता तर चेहरा कितीतरी निवळला असता. बापाने कुणाही परक्यासाठी ते केलं असतं. ब्रश समोर होता. एन्झाने नुसती नाही अशी मान हलवली, आणि मी चकती तशीच भट्टीत घातली.

अंत्यविधीला आलेला प्रत्येक जण त्या चकतीपुढे थबकला. "जशीच्या तशी!" माल्टाची सून म्हणाली. "आता बोलेल असं वाटतं."

दर रविवारी मी फुलं घेऊन जाते. गास्पारेची फरशी पुसते, मग शेजारची, माझं नाव आणि खाली त्याची पत्नी असं लिहिलेली. पुसताना माझी पाठ त्यांच्याकडे असते, तोवर ठीक असतं. पण त्या कोनाड्यात एकदा गेल्यावर पाठ फिरवता येत नाही, आणि ती जागा मी स्वतः भांडून घेतली आहे.